आंबेखोलच्या खाडीवरचं ते

आंबेखोलच्या खाडीपुलाचं नाव एका मंगळवारी, भर बाजाराच्या वेळी, गळून पडलं.

पुलाला काही झालं नव्हतं. खांब जागच्या जागी होते, कठडे होते, कठड्यावर रोजच्यासारखे पाणकावळे पंख वाळवत बसले होते. फक्त 'पूल' हा शब्द त्याच्यावरून सुटला आणि वर खारवत्याला खाडीवर जो दुसरा पूल आहे त्याच्यावर जाऊन बसला. त्या एका पुलावर आता दोघांचं नाव झालं. आंबेखोलात कुणी कुणाला "संध्याकाळी पुलावर ये" म्हटलं, की ऐकणारा मुकाट्यानं खारवत्याला जायचा, आणि म्हणणाराही तिथंच भेटायचा. म्हणून या गोष्टीत यापुढं त्याला 'ते' म्हणावं लागेल. वाचकांना खारवत्याला पाठवण्यात अर्थ नाही. तिथं आधीच दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत.

'ते' ओलांडायला कुणाची मनाई नव्हती. कुणाला भीतीही वाटत नव्हती. एसटीचा ड्रायव्हर तिथवर गाडी आणायचा, खाली उतरायचा, समोरच्या त्या लांबलचक करड्या गोष्टीकडं बघायचा आणि गाडी वळवून परत जायचा. विचारलं तर म्हणायचा, "त्याच्यावर जायचं कशाला, ते सुचत नाही." शेजाऱ्याच्या भिंतीकडं बघून कुणाला तिच्यावर चढावंसं वाटत नाही, तसंच ते होतं.

तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेत बैठक भरली. बांधकाम खात्यानं कळवलं होतं की त्यांच्या अखत्यारीत पूल आणि मोऱ्या येतात. सदर वस्तू दोन्हीपैकी काही नसल्यानं तिच्याशी खात्याचा संबंध उरलेला नाही. मुख्याधिकारी प्रभंजन हळदणकर यांनी ते पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे कायद्यानं पाहिलं तर," ते म्हणाले, "खाडीच्या पात्रात एक विनापरवाना बांधकाम उभं आहे. ते पाडणं नगरपरिषदेवर बंधनकारक ठरतं."

"अहो, पण ते आपलंच आहे ना!" नगरसेविका कुंदाताई म्हापणकर म्हणाल्या.

"ताई, काय आपलं आहे?"

कुंदाताईंनी तोंड उघडलं. त्यांच्या मनात खारवत्याचा पूल आला, म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

"इतकी वर्षं गाव त्याला नावं ठेवत होतं," त्या मग म्हणाल्या. "अरुंद आहे, खड्डे आहेत, पावसात दिवे लागत नाहीत. आता एक नाव ठेवायची वेळ आली तर एकालाही जमेना."

याच बैठकीला सुमित्रा नेरूरकर यांना बोलावलं होतं. सुमित्राबाईंनी पुण्यात प्राचीन चिनी तत्त्वज्ञान शिकवण्यात सगळी हयात घालवली होती. त्यांचा खास विषय म्हणजे ताओचा विचार मानणारे लोक भाषेबद्दल काय म्हणत होते, तो. निवृत्त झाल्यावर त्या आंबेखोलला येऊन राहिल्या होत्या. गावात त्यांच्या विषयाची कुणाला गरज पडेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"मॅडम," हळदणकर म्हणाले, "आपल्या विषयात यावर काही तरतूद आहे का?"

"दोन आहेत," सुमित्राबाई म्हणाल्या. "जुन्या चीनमध्ये एका पक्षाचं म्हणणं होतं की नावं ठाकठीक ठेवणं हे राज्यकारभाराचं पहिलं काम. वस्तू नावाप्रमाणं वागत नसेल तर वस्तू सुधारा, नाहीतर नाव सुधारा. ते सुटं पडलं की पुढचं सगळं बिघडतं."

"आणि दुसरा पक्ष?"

"तो डोंगरात राहायला गेला."

"म्हणजे त्यांचं म्हणणं नोंदीवर नाही?"

"आहे की. ते म्हणत, नाव ठेवलं की वस्तूचा एक तुकडा आपल्या हाती येतो आणि बाकीची वस्तू निसटते. वस्तू नावाच्या आधीपासून आपलं काम करत असते. तिला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं."

हळदणकरांनी दोन्ही मतांचा नीट विचार केला. "प्रशासनाला पहिलं मत जास्त सोयीचं दिसतंय," ते म्हणाले.

"दोन हजार वर्षं तसंच दिसत आलंय," सुमित्राबाई म्हणाल्या.

तेव्हा पहिल्या मताप्रमाणं रीतसर बारसं करायचं ठरलं. बारशाला आत्या लागते, कारण बाळाच्या कानात नाव तीच सांगते. ज्या अभियंत्यानं ते बांधलं तो हयात नव्हता, पण त्याची बहीण चिपळूणला होती. तिला सरकारी गाडी पाठवून आणलं. कठड्याचा एक सुटलेला दगड दुपट्यात गुंडाळला आणि बायकांनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत पाळण्याखालून वरून फिरवला. दगड जड होता. दोघींच्या मनगटांत कळ आली. मग म्हातारी आत्याबाई कठड्याशी वाकली, पावसाचं पाणी जायला ठेवलेल्या भोकाला तोंड लावलं आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं.

नाव चिकटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या, आणि पाचसहा माणसं पलीकडं जायला निघालीसुद्धा. पण ती मध्यावर असतानाच नाव पुन्हा ओघळलं. माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. त्यांना पुढं जावंसं वाटेना आणि मागं यावंसंही वाटेना. भरती होती म्हणून बरं. मच्छीमार सोसायटीची होडी खाली नेऊन त्यांना एकेक करून दोरानं उतरवावं लागलं. आत्याबाईंनी गाडीत बसताना एवढंच सांगितलं, "भाऊपण लहानपणी हाकेला ओ देत नसे."

हळदणकरांनी कामात खंड पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः सुमित्राबाईंच्या घरी आले.

"मराठी शब्द टिकत नाही, हे सिद्ध झालं," ते म्हणाले. "चिनी भाषेत यासाठी शब्द असेलच."

"आहे. छ्याओ."

"तो आपल्याला प्रतिनियुक्तीवर मिळू शकेल का? तात्पुरता. आपला शब्द परत येईपर्यंत."

सुमित्राबाईंनी विचार केला. "शब्द येईल," त्या म्हणाल्या. "पण ज्याला चिनी येतं त्याच्यापुरतंच तो काम करील."

"गावात चिनी किती जणांना येतं?"

"मला."

"मग आपल्यापासून सुरुवात करू," हळदणकर म्हणाले, पण सुमित्राबाई कबूल झाल्या नाहीत. परक्या शब्दाला असल्या कामाला लावणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी विचार करून सांगते म्हटलं आणि हळदणकर चहा घेऊन गेले. जाताना त्यांनी सांगितलं की पाडकामाची नोटीस सोमवारी निघेल. त्यांचा नाइलाज होता.

सुमित्राबाईंना पलीकडं जाण्याचं कारण नव्हतं असं नाही. पलीकडं, पैलवाडीत, त्यांचं माहेरचं घर होतं. तिथं त्यांचा मोठा भाऊ भार्गव राहायचा, आणि अनसूया.

अनसूया ही दोघांची सावत्र आई. सख्खी आई गेली तेव्हा सुमित्रा पाळण्यातून नुकती उतरली होती आणि भार्गव शाळेत जाण्याएवढा होता. वडिलांनी वर्षाच्या आत अनसूयेला आणलं. सुमित्रानं पहिल्या दिवशी तिला आई म्हटलं. भार्गवनं तिला आई म्हटलं नाही, मावशी म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. बोलायचा, पण नुसतं बोलायचा. "भात वाढ." "कंदील कुठाय?" "पाय दुखतो का?" वाक्याला डोकं नसे.

पुढं सुमित्रा शिष्यवृत्तीवर परदेशी निघाली तेव्हा तिनं पडवीत भावाला अडवलं होतं. "दादा, एकदा तरी आई म्हण तिला. तुझ्या बापाचं काय जातं?" भार्गव उठून माडांना पाणी घालायला गेला. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं कामापुरतं राहिलं. सुमित्राबाई गावात परत आल्या त्याही खाडीच्या अलीकडं, बाजारपेठेत, भाड्याच्या घरात. पैलवाडीच्या घरात पुस्तकांना जागा नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. आईला मात्र रोज सकाळी फोन करायच्या. "आई, चहा झाला?" एवढ्यानं त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

शनिवारी आईनं फोन उचलला नाही. दुपारी भार्गवचा आला.

"सुमे, ती जेवत नाही."

"कधीपासून?"

"परवापर्यंत पेज घेत होती. आता तीही नको म्हणते."

"डॉक्टरांना बोलावलंस?"

"डॉक्टर तुझ्या बाजूला राहतात. त्याच्यापर्यंत येतात, बघतात, परत जातात. मला इथून दिसतात."

"मी खारवत्यावरून येते."

"खारवत्याला गेलेला माणूस दोन दिवस परतत नाही. होडी बघ."

होडी चिखलात होती. ओहोटी लागली होती आणि खाडीचं पाणी मधल्या ओहळापुरतं उरलं होतं. सुमित्राबाई तशाच, पायात घरातल्या चपला, हातात कापडी पिशवी, खाडीवरच्या त्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. उन्हं कलत होती. समोर ते पसरलं होतं. त्यांनाही त्याच्यावर पाय टाकायचं काही कारण सुचेना. आई पलीकडं आहे हे कळत होतं, आणि त्या कळण्याचा समोरच्या करड्या गोष्टीशी काही संबंध आहे, हे मात्र कळत नव्हतं.

मग त्यांनी तो शब्द बोलावला. "छ्याओ," त्या म्हणाल्या.

शब्द आला. लगेच समोरच्या गोष्टीला सुरुवात आली, शेवट आला, चालायची बाजू आली. सुमित्राबाई झपाझप चालू लागल्या. परक्या शब्दाचा स्वभाव वेगळा होता. त्याला दगडी कमानी आणि खालून जाणाऱ्या लाकडी नावा यांची सवय होती, आणि इथं खाली चिखलात खेकडे आणि कठड्यावर गुटख्याची जाहिरात. त्यानं मन लावून काम केलं, यात शंका नाही. पण मध्याच्या थोडं पुढं आल्यावर तो थकला आणि निघून गेला.

सुमित्राबाई थांबल्या. पायाखाली काहीतरी होतं. दोन्ही बाजूंना काहीतरी होतं. वारा होता. आपण शिकवायचो त्यातलं काही कामी येतं का, म्हणून त्यांनी आठवून पाहिलं. ताओ या एकाच अक्षराचे दोन अर्थ होतात, वाट आणि बोलणं. आणि ही दोन्ही एकाच अक्षरात कशी मावतात यावर त्यांनी विद्यार्थ्यांची डोकी पिकवली होती. वर्गात ते फार छान समजावता यायचं. इथं त्यांच्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि वाटेसारखंही काही दिसत नव्हतं. त्या घाबरल्या नाहीत. फक्त अंग सैल पडत चाललं आणि वाटलं, इथं उभं राहायला काय हरकत आहे.

पिशवीत फोन वाजला.

"कुठं आहेस?" भार्गवनं विचारलं.

"मला सांगता येत नाही, दादा."

"मग सांगू नको. मला दिसतेस तू."

त्यांनी मान वर केली. पलीकडच्या टोकाला, वडाच्या पारापाशी, बंडी आणि आखूड लेंगा घातलेला एक म्हातारा उभा होता. त्यानं फोन खिशात टाकला, हात वर केला आणि ओरडून म्हणाला, "ये!"

त्यानं कशावरून ये, कुठून ये, असं काही म्हटलं नाही. सुमित्राबाईंचा पाय उचलला गेला. "ये, ये," तो म्हणत राहिला, जसं गुराला म्हणतात, जसं नुकतं चालू लागलेल्या पोराला म्हणतात. आणि त्या गेल्या. आपण कशावरून चालतोय हे त्यांना पोचेपर्यंत कळलं नाही, आणि पोचल्यावर कळून घ्यायला वेळ नव्हता.

अनसूया माजघरात खाटेवर होती. अंग चिपाडासारखं झालं होतं, पण डोळे लख्ख होते.

"आलीस? बस," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. मी रागावल्ये."

"कुणावर गं आई?"

"तुझ्या भावावर. त्या खाडीवरच्याचं नाव गेलं म्हणून सगळा गाव रडतोय. बारसं काय, घुगऱ्या काय. मी या घरात आल्यापासून बिननावाची आहे, त्याचं कुणाला काही आहे? आता मी जायला झाल्ये. विचार त्याला, एकदा हाक मारतोस की नाही. तोवर मी जेवायची नाही."

सुमित्राबाई पडवीत आल्या. भार्गव पेजेचं पातेलं झाकत होता. पेज दिवसातून तीनदा करायची, तिनं नको म्हटलं की गाईला घालायची, पुन्हा करायची, असं त्याचं चाललं होतं.

"दादा, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग? मारत का नाहीस हाक?"

भार्गवला बोलायची सवय नव्हती. त्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"हाक लांबच्याला मारतात, सुमे," तो म्हणाला. "ती कधी लांब होती? मी बघावं तर समोर. शाळेतून आलो तर दारात. तापात उठलो तर उशाशी. जवळ असलेल्या माणसाला हाक मारायची म्हणजे आधी त्याला लांब करायचं."

रोज सकाळचा फोन सुमित्राबाईंना आठवला, आणि पुण्यातून, त्याआधी त्या दूरच्या देशातून केलेले सगळे फोन. प्रत्येक फोनचा पहिला शब्द तोच असायचा. त्यांनी तो कितीतरी वेळा उच्चारला होता आणि प्रत्येक वेळी मध्ये अंतर होतं. त्या खांबाला टेकल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदरानं पुसलं नाही.

घर जुनं, भिंती कुडाच्या. माजघरात सगळं ऐकू जात होतं. मग खाट करकरली.

"पेज जास्त पातळ करू नको म्हणावं," अनसूया आतून म्हणाली. "आणि लोणचं आण. लिंबाचं."

भार्गव पातेलं घेऊन आत गेला. सुमित्राबाई पडवीतच थांबल्या. आत कुणी कुणाशी बोललं नाही. नुसता वाटी-चमच्याचा आवाज येत राहिला.

रविवारी सकाळी त्यांनी हळदणकरांना फोन लावला आणि पलीकडं येण्याची रीत सांगितली. समोरच्या टोकाला कुणीतरी उभं राहायचं आणि ज्याला आणायचं त्याला 'ये' म्हणायचं. बाकी काही लागत नाही.

"हे आपण लेखी देऊ शकाल का?"

"लेखी चालत नाही. समोरून म्हणावं लागतं."

"बरं." पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "नोटिशीबाबतही एक अडचण उद्भवलीय, मॅडम. नोटिशीत वस्तूचं नाव लिहावं लागतं. आम्ही काल दिवसभर प्रयत्न केला. टंकलेखक दर वेळी खारवत्याचा पूल पाडायचा आदेश काढतोय. विधी सल्लागारांचं मत आलंय की ज्याला नाव नाही त्याला नोटीस बजावता येत नाही, आणि नोटिशीवाचून पाडता येत नाही."

"मग आता?"

"आता ते राहील," हळदणकर म्हणाले.

त्याप्रमाणं ते राहिलं. डॉक्टर आले, कारण भार्गवनं त्यांना 'ये' म्हटलं. डॉक्टर वयानं लहान होते, चालून गेलं. हळूहळू लोकांना जमू लागलं. शाळेची पोरं एकमेकांना सहज आणत. सासुरवाशिणींना आणायला माहेरची माणसं टोकाशी येऊन थांबू लागली. जी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हती त्यांची पंचाईत झाली, पण बाजार सगळ्यांनाच करायचा असतो. ज्यांचं पलीकडं कुणीच नाही त्यांच्यासाठी नगरपरिषदेनं दोन्ही टोकांना एकेक माणूस नेमला. त्या पदाला नाव द्यायचा प्रयत्न कुणी केला नाही.

अनसूया अंगणात बसू लागली तेव्हा सुमित्राबाई घरी परतायला निघाल्या. पुस्तकं आणायची होती. भार्गवनं पडवीच्या टोकाला फळ्या ठोकून ठेवल्या होत्या. दुपारची वेळ होती. अलीकडच्या टोकाचा माणूस जेवायला गेला होता आणि त्याच्या जागी, पाहणीला आलेले हळदणकर एकटेच उभे होते. सुमित्राबाईंना पाहून त्यांनी नमस्कार केला.

"यावं, मॅडम!" ते ओरडले.

सुमित्राबाईंचा पाय हलला नाही.

"आपण येण्याची कृपा करावी!"

काही होईना. सुमित्राबाईंच्या मागं एक एसटी येऊन थांबली, तिच्यामागं दोन सायकली, मग कुंदाताई म्हापणकरांची रिक्षा. एक बैल मालकावाचून आला आणि तोही थांबला.

"हळदणकर, नुसतं 'ये' म्हणा!" सुमित्राबाई ओरडल्या.

"मॅडम, ते मला कसं शोभेल? आपण वयानं, शिक्षणानं..."

"म्हणा हो!"

हळदणकरांनी चष्मा काढला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी घराबाहेर कुणाला एकेरी हाक मारली नव्हती. मग त्यांनी डोळे मिटले आणि घरात बोलतात त्या आवाजात, अगदी हलकेच म्हटलं, "ये."

सुमित्राबाई निघाल्या. त्यांच्यामागं एसटी निघाली, सायकली निघाल्या, रिक्षा निघाली, आणि सगळ्यात शेवटी बैल. हळदणकरांनी डोळे उघडले. ते 'ये' एकट्या मॅडमसाठी होतं, हे सांगायला त्यांनी हात वर केला होता, पण तो तसाच खाली घेतला, रस्त्याच्या कडेला सरकले आणि सगळ्यांना येऊ दिलं.